काबुकी नटांची जपानी छापचित्रं वाचायची कशी: नवशिक्यांसाठी

एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, नवं काबुकी नाटक (नाच-गाण्याचं पारंपरिक जपानी नाटक) लागलं की त्यातल्या नटांची रंगीत छापचित्रं दुकानांत टांगली जायची. लाकडी ठशांवरून हातानं छापलेली ही चित्रं, जपानीत याकुशा-ए. नाटक बघून आलेला माणूस आठवण म्हणून ती घ्यायचा, न बघितलेला हळहळत घ्यायचा. म्हणून यातलं बहुतेक प्रत्येक चित्र एका ठरावीक प्रयोगाला बांधलेलं असतं: अमुक नट, अमुक भूमिका, अमुक नाट्यगृह, अमुक महिना. हे चारही धागे त्या एका कागदावरून शोधता येतात आणि त्यासाठी जपानी भाषा यावीच लागते असं नाही. क्रम मात्र पाळावा लागतो.

नवखा माणूस सरळ चेहऱ्याकडे बघतो आणि तिथेच अडकतो. चेहरा शेवटी बघा. आधी कागद, मग शिक्के, मग सही, मग नावाची चौकट, मग कुलचिन्ह.

जवळ काय हवं

दहा पटीचं भिंग, लहान टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, मोबाईल आणि चित्राहून मोठा स्वच्छ पांढरा जाड कागद. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका. त्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि जुन्या कागदाची कड धाग्याला अडकून फाटते. पंखा बंद करा. चित्र उचलताना एका कोपऱ्यानं कधीच उचलू नका. खाली जाड कागद सरकवून दोन्ही मिळून उचला.

आधी कागद

माप घ्या. सर्वांत जास्त दिसणारा आकार म्हणजे ओबान, सुमारे 38 × 25 सेंटिमीटर. त्याच्या साधारण निम्मा तो चुबान, सुमारे 26 × 19. अठराव्या शतकातली बरीच नटचित्रं होसोबान असतात, उंच आणि अरुंद, सुमारे 33 × 15. ओबान म्हणून हातात आलेलं चित्र 36 × 24 भरलं तर कडा कापल्या गेल्या आहेत असं समजा. जुन्या काळी लोक ही चित्रं वहीत शिवून ठेवायचे, त्यामुळे एका कडेला सुईची बारीक भोकंही सापडतात. भोकं हा मोठा दोष नाही. कापलेली कड मात्र शिक्का किंवा सही घेऊन गेली असेल तर पुढचं सगळं काम अवघड होतं.

आता चित्र पालथं करा. ही पायरी वगळू नका. काम कसं चालायचं ते थोडक्यात असं: प्रकाशक चित्रकाराकडून रेखाटन करून घ्यायचा, ते पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटं चिकटवून कोरलं जायचं (मूळ रेखाटन त्यातच संपायचं), मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. छापणारा ओलसर कागद ठशावर ठेवून मागून बारेन या बांबूच्या सालीनं मढवलेल्या चपट्या गोल साधनानं घासायचा. कागद कोझो नावाच्या झुडपाच्या सालीचा, लांब धाग्यांचा. रंग जास्त पसरू नये म्हणून त्याला आधी तुरटी आणि सरसाचं पाणी दिलेलं असायचं. या दाबामुळे रंग कागदात मुरतो आणि मागच्या बाजूला उतरतो. पाठीवर रंगांची फिकी छाया आणि बारेनच्या गोलसर घासण्याच्या खुणा दिसल्या, तर चित्र ठशावरून हातानं छापलेलं आहे एवढं नक्की. ते जुनं आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. तो पुढे घेऊ.

पाठ एकसारखी कोरी आणि कडक लागली तर दोन शक्यता असतात. एक, मागून दुसरा कागद चिकटवून अस्तर दिलेलं आहे. दुसरी, हे यंत्रावर छापलेलं आहे. चित्र प्रकाशासमोर धरलं की अस्तराचे दोन थर ओळखू येतात. मग भिंग घेऊन एखाद्या सपाट रंगाच्या जागी बघा. ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर ती छापखान्यातली नक्कल, विषय संपला. ठिपके नसले म्हणून मात्र खूश होऊ नका. कोलोटाईप या फोटोवरून छापायच्या जुन्या पद्धतीच्या नकलांमध्ये ठिपके नसतात, पण त्यांत रंग कागदावर पातळ सायीसारखा बसलेला असतो आणि रेघ दाबाची खोल उमटलेली नसते. टॉर्च बाजूनं, जवळजवळ आडवी धरून फिरवा: खऱ्या ठशाच्या काळ्या रेघा किंचित खाली बसलेल्या दिसतात, आणि पांढऱ्या कपड्यावर कधी कधी बिनरंगाची उठावदार नक्षीही समोर येते. तिला काराझुरी म्हणतात. सरळ प्रकाशात ती नजरेतून पूर्ण सुटते.

मग शिक्के: तारीख इथे असते

1790 च्या सुमारापासून एदोत चित्र छापण्याआधी तपासून घ्यावं लागे आणि मंजुरीचा शिक्का ठशातच कोरला जाई. शिक्क्याची पद्धत वेळोवेळी बदलत गेली, म्हणून नुसती पद्धत ओळखली तरी काळ हातात येतो. हे कोष्टक मोबाईलमध्ये ठेवा:

- 1790 ते 1842: एकच छोटा गोल शिक्का, आत "किवामे" (म्हणजे मंजूर) हे अक्षर.
- 1843 ते 1847: तपासनीसाच्या नावाचा एक शिक्का.
- 1847 ते 1852 ची सुरुवात: तपासनीसांच्या नावांचे दोन शिक्के.
- 1852 ची सुरुवात ते 1853 चा अकरावा महिना: दोन नावांचे शिक्के आणि शिवाय वर्ष-महिन्याचा तिसरा.
- 1853 चा बारावा महिना ते 1857 ची अखेर: "आराता­मे" (म्हणजे तपासलं) हा शिक्का वेगळा, वर्ष-महिन्याचा वेगळा.
- 1858: फक्त वर्ष-महिन्याचा शिक्का.
- 1859 ते 1871: आराता­मे, वर्ष आणि महिना, तिन्ही एकाच गोल शिक्क्यात.
- 1872 ते 1875: पुन्हा फक्त वर्ष-महिना.
- त्यानंतर: कडेच्या चौकटीत प्रकाशकाचं नाव-पत्ता, बरेचदा पूर्ण तारीख.

वर्ष आकड्यात नसतं, बारा प्राण्यांच्या चक्रातलं एक अक्षर असतं: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. 1852 हे उंदराचं वर्ष. तिथून मोजत गेलं की 1854 वाघाचं, 1858 घोड्याचं, 1863 डुकराचं. आणि 1864 पुन्हा उंदराचं, इथेच नवशिके बारा वर्षांनी चुकतात. त्यावर उपाय वरच्या कोष्टकातच आहे. उंदरासोबत दोन तपासनीसांचे शिक्के असतील तर 1852, उंदीर आराता­मेसोबत एकाच गोलात असेल तर 1864. प्राण्याचं अक्षर एकट्यानं कधीच वाचू नका.

महिन्याचे आकडे सोपे आहेत. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, तीन म्हणजे तीन. चार म्हणजे चौकोन आणि आत दोन पाय. आठ म्हणजे एकमेकींपासून दूर झुकलेल्या दोन तिरक्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह, अकरा म्हणजे अधिकच्या चिन्हाखाली एक रेघ. पहिल्या महिन्याला मात्र सहसा एक रेघ नसते, "शो" हे पाच रेघांचं अक्षर असतं.

1872 च्या अखेरीपर्यंत जपानचं पंचांग चांद्र-सौर होतं आणि आपल्यासारखाच तिथे अधिक महिना यायचा. 1852 मध्ये अधिक दुसरा महिना होता, 1854 मध्ये अधिक सातवा. त्या महिन्यांच्या शिक्क्यात आकड्याबरोबर "उरू" हे जास्तीचं अक्षर येतं. शिक्का नेहमीपेक्षा गर्दीचा वाटला तर आधी हा संशय घ्या. नववर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत सुरू व्हायचं, त्यामुळे "1852 चा बारावा महिना" आपल्या कॅलेंडरात 1853 च्या जानेवारीत जातो. नोंद करताना जुन्या पंचांगाचा महिना तसाच लिहा, इंग्रजी महिन्याचं नाव देऊ नका.

प्रकाशकाचा शिक्का वेगळा असतो. त्सुताया जुझाबुरोचा ओळखायला सगळ्यांत सोपा: तीन शिखरांच्या फुजी डोंगराखाली वेलीचं पान. 1850 नंतर कोरणाऱ्याच्या नावाचा छोटा शिक्काही दिसू लागतो, तो "होरी" या अक्षरानं सुरू होतो. एखादा लाल शिक्का चित्राच्या ओळींवरून आडवा गेला असेल, शाई तेलकट आणि वर बसलेली वाटत असेल, तर तो नंतरच्या एखाद्या मालकाचा. त्यावरून तारीख काढू नका.

ओसाकाच्या चित्रांवर हे तपासणीचे शिक्के सहसा नसतातच. शिक्का नाही म्हणून चित्र खोटं ठरवण्याआधी ते ओसाकाचं आहे का ते बघा. ओसाकात बहुतांश नटचित्रंच छापली जात. 1842 आधी ती ओबान आकारात होती आणि 1847 च्या सुमारास पुन्हा सुरू झाली तेव्हा बरीचशी चुबान झाली. ती बहुधा खऱ्या प्रयोगांचीच असतात, त्यामुळे शिक्क्याची उणीव नट आणि भूमिकेवरून भरून काढता येते.

सही

सहीचं शेवटचं अक्षर बहुधा "गा" किंवा "हित्सु" असतं. दोन्हींचा अर्थ अमक्यानं काढलं. त्याच्या वरची दोन-तीन अक्षरं म्हणजे चित्रकाराचं नाव. तोरिई घराण्यानं नाट्यगृहांच्या पाट्या रंगवता रंगवता ही चित्रं सुरू केली, कात्सुकावा शुन्शोनं (1726–1792) नटाचा चेहरा ओळखू येईल असा काढायला सुरुवात केली, आणि एकोणिसाव्या शतकात हे सगळं क्षेत्र उतागावा घराण्याच्या हातात गेलं. बाजारात तुमच्या समोर येईल ते बहुधा उतागावाच.

त्यात एक गाठ आहे, ती आधीच सोडवून ठेवा. "तोयोकुनी" अशी सही अनेकांनी केली. पहिला तोयोकुनी 1825 मध्ये वारला. त्याचा शिष्य कुनिसादा (1786–1865) यानं 1844 पासून तोयोकुनी हे नाव घेतलं आणि तो स्वतःला दुसरा तोयोकुनी म्हणवायचा. पण मधल्या काळात तोयोशिगे नावाच्या दुसऱ्या शिष्यानं ते नाव आधीच वापरलं होतं, म्हणून आज कुनिसादाला तिसरा तोयोकुनी म्हणतात. त्याच्या सहीभोवती लांबट चौकट असते, तिच्यात तोशिदामा हे घराण्याचं कड्यासारखं चिन्ह. शेवटच्या वर्षांत तो सहीआधी स्वतःचं वयही घालायचा. तोयोकुनीची सही दिसली की लगेच शिक्क्यांकडे परत जा. किवामेचा एकटा गोल असेल तर बहुधा पहिला, 1844 नंतरचा कुठलाही शिक्का असेल तर कुनिसादा.

नटाचं नाव, आणि ते नसलं तर

चित्रात वरच्या बाजूला चौकट असते. वाचायचं वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे. तिच्यात भूमिकेचं नाव आणि नटाचं नाव शेजारी-शेजारी असतं. पण कित्येक चित्रांत फक्त भूमिकाच सापडते. याला कारण आहे. 1842 मध्ये सरकारनं काटकसरीच्या नावाखाली नटांची आणि गणिकांची चित्रंच बंद केली. त्याच वर्षी सातवा दांजुरो या नामांकित नटाला चैनीच्या आरोपावरून एदोबाहेर घालवलं. पाच-सहा वर्षांत चित्रं हळूहळू परत आली, नटांची नावं मात्र बरीच वर्षं गाळलेलीच राहिली. चेहरा तोच, कपडे तेच, फक्त नाव नाही. गिऱ्हाईक बरोबर ओळखायचं. कुनियोशी या चित्रकारानं याच काळात नटांचे चेहरे भिंतीवर कोळशानं गिरगोटल्यासारखे काढले, आणि तेही लोकांनी ओळखले.

नाव असलं तरी काम संपत नाही, कारण काबुकीत नावं पिढीजात असतात. "इचिकावा दांजुरो" वाचून नट कळत नाही. सातवा दांजुरो हे नाव 1800 ते 1832 वापरत होता, आठवा 1832 ते 1854, आणि नवव्यानं ते 1874 मध्ये घेतलं. मधली वीस वर्षं दांजुरो नव्हताच. म्हणजे शिक्का 1840 चा तर आठवा, 1820 चा तर सातवा, 1880 चा तर नववा. सातव्यानं 1832 मध्ये नाव मुलाला दिलं आणि स्वतः एबिझो झाला, तेव्हा त्यानंतरच्या चित्रांत वयस्क एबिझो दिसला तर तो बापच. 1860 च्या दशकात कावाराझाकी गोंजुरो म्हणून दिसणारा लांब चेहऱ्याचा तरुण पुढे नववा दांजुरो झाला. अशी पिढ्यांची यादी प्रत्येक मोठ्या घराण्याची करून ठेवा: नाव, कितवा, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत. या कामात यादीइतका उपयोग कशाचाच होत नाही.

कुलचिन्ह

आता कपड्यांकडे या. खांदा, बाही, पंखा, फणी, तलवारीची मूठ, मागचा पडदा, कुठेही नटाच्या घराण्याचं चिन्ह लपलेलं असतं. सुरुवातीला एवढी पाठ करा: एकात एक बसवलेले तीन चौकोन (धान्य मोजायची मापं वरून बघितली तर दिसतील तशी) म्हणजे इचिकावा दांजुरो. एकावर एक पंखे आणि ओकची पानं म्हणजे ओनोए किकुगोरो. वर्तुळात तीन पंखे म्हणजे इवाई हान्शिरो. मधे बांधलेली पिंजलेल्या रेशमाची गड्डी म्हणजे सेगावा किकुनोजो. वर्तुळात "इ" हे जपानी अक्षर, दोन छोट्या उभ्या रेघांसारखं, म्हणजे सावामुरा सोजुरो.

काही चिन्हं मात्र नटाची नसतात, पात्राची असतात. सोगा बंधूंची नाटकं एदोत दर नववर्षाला व्हायची. त्यांत धाकट्या गोरोच्या कपड्यांवर फुलपाखरं आणि थोरल्या जुरोच्या कपड्यांवर टिटवीसारखे छोटे पक्षी असतात, नट कुणीही असो. फुलपाखरं बघून नट शोधायला निघालात तर भलतीकडेच जाल.

स्त्रीभूमिकेतल्या नटाचं कपाळ बघा. 1629 मध्ये स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाली, 1652 मध्ये तरुण मुलांनाही, आणि उरलेल्या पुरुष नटांना कपाळावरचे केस भादरणं सक्तीचं झालं. ती भादरलेली जागा झाकायला ते जांभळ्या रेशमाचा छोटा तुकडा लावायचे. चित्रात कपाळाच्या वर, केसांच्या कडेला तो दिसला की समोर स्त्री नसून ओन्नागाता आहे, बालगंधर्वांच्या परंपरेच्या जवळचा माणूस. हा तुकडा आज जांभळाच दिसेल असं मात्र नाही. जुना जांभळा रंग दोन फुलांचा: लाल करडईचा, आपल्या कुसुंबीचाच, आणि निळा आपल्याकडच्या केन्याच्या जातकुळीतल्या एका फुलाचा. दोन्ही उजेडानं उडतात, निळा तर दमटपणानंही. म्हणून आज ती जागा राखाडी, तपकिरी, कधी नुसती मळकट दिसते. तो डाग समजून सोडू नका.

हेच रंग काळही सांगतात. गडद, किंचित हिरवट झाक असलेला टिकाऊ निळा, म्हणजे प्रशियन निळा, 1830 च्या आसपास सर्रास सुरू झाला. झगझगीत रासायनिक जांभळा आणि लाल 1860 च्या दशकापासून येऊ लागले आणि कुनिचिका या चित्रकाराच्या (1835–1900) चित्रांत तर उसळलेले दिसतात. 1810 च्या शिक्क्याच्या चित्रात असा लाल दिसला तर थांबा आणि पुन्हा तपासा. सुरुवातीच्या काळातल्या चित्रांवर हातानं लावलेला शेंदूर असतो. तो हवेनं काळवंडतो, फिका पडत नाही.

नोंदींशी जुळवणी

आता हातात वर्ष, महिना, चित्रकार, घराणं आणि भूमिका आहे. ती जुळवायची. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचं कला संशोधन केंद्र आणि तोक्योच्या वासेदा विद्यापीठाचं नाट्य संग्रहालय, दोघांचे चित्रसंग्रह ऑनलाईन शोधता येतात, आणि तिथल्या नोंदींत नट, भूमिका, नाटक, नाट्यगृह आणि महिना दिलेला असतो. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचा साठाही मोठा. उकियो-ए डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर तर फोटो चढवला की सारखी चित्रं समोर येतात, सुरुवात तिथूनच करा. फोटो सरळ वरून, सावली न पाडता काढा. तिरका फोटो दिला की शोध फसतो. जपानी अक्षर टाईप करता येत नसेल तर मोबाईलच्या जपानी कीबोर्डमधला बोटानं लिहायचा पर्याय वापरा.

याचं फळ कसं मिळतं ते शाराकु या चित्रकाराच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रावरून समजतं: पंजे पसरून पुढे झेपावणारा, ओठ दाबलेला माणूस. त्या चित्रावर नट किंवा भूमिका, कशाचंच नाव नाही. आहे ती सही, किवामे आणि त्सुतायाचं वेलीचं पान. तरी 1794 च्या नाटकांच्या नोंदींशी जुळवून कळतं की हा तिसरा ओतानी ओनिजी, भूमिका एदोबेई या गुंडाची, नाट्यगृह कावाराझाकी-झा, महिना पाचवा. तो ज्याचे पैसे लुटायला निघालाय तो इप्पेई शाराकुच्याच दुसऱ्या चित्रात आहे, भूमिकेत इचिकावा ओमेझो. आणि त्याच वर्षाच्या अकराव्या महिन्यात, नवा नाट्यहंगाम सुरू होताना, ओनिजीनं दुसरा नाकामुरा नाकाझो हे नाव घेतलं. म्हणजे नाव बदलण्याच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा त्या कागदावर पकडला गेला आहे.

जुळवणी होतच नसेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, चित्र कदाचित कुठल्याच प्रयोगाचं नाही. नटाला त्यानं न केलेल्या भूमिकेत कल्पून काढलेल्या चित्रांना मितातेए म्हणतात. कुनिसादाची 1852 ची तोकाइदो (एदो ते क्योतो हा हमरस्ता) मालिका बरीचशी अशीच: मागे रस्त्यावरच्या मुक्कामाचा देखावा, पुढे त्या गावाशी जोडलेल्या पात्राच्या वेषात नट. ही मालिका खूप खपली होती, आजही सुटे कागद सहज मिळतात, आणि शिकायला फार चांगली आहे: उंदराचं वर्ष, दोन तपासनीस, गाळलेली नावं, सगळं एकाच कागदावर. दुसरी गोष्ट, हे मोठ्या चित्राचा एक भाग असू शकतं. तीन कागदांची चित्रं नेहमीची होती आणि कागद सुटेही विकले जायचे. तलवारीचं टोक कडेवर तुटलंय, बाही अर्धीच आहे, किंवा माणूस रिकाम्या जागेकडे डोळे वटारतोय, असं असेल तर शेजारचा कागद शोधा.

फिक्या निळ्या पोशाखातला, हातात जपमाळ किंवा शेजारी कमळ असलेला नट दिसला, सोबत तारीख आणि लांब बौद्ध नाव असलं, तर ते शिनी-ए, नटाच्या मृत्यूनंतरचं स्मृतिचित्र. आठव्या दांजुरोनं 1854 मध्ये ओसाकात ऐन तारुण्यात आत्महत्या केली तेव्हा अशा चित्रांचा पूर आला होता. घाईत छापलेली असल्यानं त्यांतली कित्येक बिनसहीची आणि बिनशिक्क्याची आहेत. त्यांना शिक्क्याचा नियम लावू नका.

मूळ की नंतरची नक्कल

इथे सगळ्यांत जास्त पैसे बुडतात. जुन्या चित्रांचे ठसे नव्यानं कोरून, हातानंच छापलेल्या नकला मेइजी काळापासून (1868–1912) निघत आल्या आहेत आणि त्यांतल्या चांगल्या नकलांची पाठसुद्धा हवी तशीच दिसते. संग्रहालयातल्या प्रतीचा मोठा फोटो उघडा. चित्राच्या चौकटीच्या रेघेत, सहीत आणि केसांत पाच जागा निवडा आणि भिंगाखाली एकेक ताडून बघा. लाकडी ठशाच्या रेघेला जिथे बारीक तुटक जागा पडते ती त्या ठशाच्या पुढच्या सगळ्या प्रतींत राहते. तुटक जागा जुळल्या तर ठसा तोच. सहीच्या अक्षरांचा झोक वेगळा, केस वेगळ्या संख्येचे, तर ठसा दुसरा.

कपाळाजवळच्या केसांवर भिंग थोडा वेळ स्थिर ठेवा. डोकं आणि चेहरा कोरायचं काम सर्वांत तरबेज कारागिराचं असायचं, कपड्यांची नक्षी शिकाऊ हाताकडे जायची. चांगल्या सुरुवातीच्या प्रतीत केसाची रेघ मुळाशी जाड, टोकाला निमुळती होत शून्यात जाते आणि दोन केसांमधला पांढरा कागद स्वच्छ राहतो. ठसा झिजला की टोकं बोथट होतात आणि पांढरी जागा शाईनं भरते. असं चित्र मूळच असतं, फक्त उशिरा छापलेलं. त्याची किंमत कमी धरा. उशिराच्या प्रतींत रंगाचे ठसेही कमी केलेले असतात, पार्श्वभूमीतली रंगाची हळूहळू विरत जाणारी छटा सपाट होते आणि काराझुरी गायब.

शाराकुची मूळ प्रत तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता जवळजवळ नाही. तो 1794 च्या मध्यापासून जेमतेम दहा महिने काम करत होता. त्याचं म्हणून विकायला येतं ते नक्कल असतं, अभ्रकाची चमकती पार्श्वभूमी असली तरी. नक्कल नक्कल म्हणून घेण्यात काही वावगं नाही, भिंतीवर लावायला ती उत्तम. पहिलं मूळ चित्र घ्यायचं तर कुनिसादा किंवा कुनिचिकाचा सुटा कागद घ्या. दोघांनी अफाट काम केलं, त्यामुळे ती विपुल आहेत आणि शाराकुच्या मानानं खूप स्वस्त. फिकं पण पूर्ण कडांचं चित्र आणि रंगीत पण सही कापलेलं चित्र, यांत पहिलं निवडा. विक्रेत्याकडून पाठीचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो मागा. तो देत नसेल तर सोडून द्या.

जपणूक

मुंबई, कोकण, गोवा इथला पावसाळा या कागदाचा शत्रू आहे. हवेतला दमटपणा 65 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि कागदावरच्या सरसावर कसर तुटून पडते. छोटं आर्द्रतामापक कपाटात ठेवा आणि आकडा 45 ते 55 च्या आसपास राहील असं बघा. चित्र आम्लरहित कागदाच्या घडीत, आडवं, आम्लरहित पेटीत. गुंडाळी नको. बाहेरच्या भिंतीला आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला चित्राजवळ ठेवू नका.

फ्रेम करायची तर फ्रेमवाल्याच्या दुकानात उभं राहून करून घ्या. मागे हार्डबोर्ड नको, खाकी टेप नको, सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा पिवळा डाग कायमचा. लॅमिनेशन म्हणजे चित्र संपलं. चित्र वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी टांगायचं, चिकटवायला गव्हाच्या किंवा तांदळाच्या सत्त्वाची ताजी खळ, आणि काचेला कागद टेकू नये म्हणून मधे आम्लरहित माउंट. उजेड 50 लक्सपर्यंत, खिडकीसमोर कधीच नाही. वर्षातले तीन महिने भिंतीवर, बाकी नऊ पेटीत. करडईचा लाल आणि फुलाचा निळा एकदा उडाला की परत येत नाही.

शेवटी प्रत्येक चित्राची एक चिठ्ठी करा: माप, शिक्के जसे दिसले तसे, सही, नट आणि कितवा, भूमिका, नाटक, नाट्यगृह, जुन्या पंचांगाचा महिना, किती कागदांपैकी कितवा, दोष, कुठल्या संग्रहालयातल्या प्रतीशी ताडलं आणि कुठे जुळलं नाही. पेन्सिलनं लिहा, वेगळ्या कागदावर, चित्राच्या पाठीवर नाही. जे अजून सापडलेलं नाही ती जागा कोरी ठेवा; शेजारचा कागद कधी ना कधी दुसऱ्या एखाद्या संग्रहात सापडतो आणि ती ओळ भरते.